तुमच्या हातची घडी

आत्याबाई, छत्र्यांच्या खोलीची किल्ली मी तुमच्या पदराची गाठ सोडून काढली, तेव्हा तुम्हाला शेवटची अंघोळ घालायची होती. बायका रडत होत्या आणि मी गाठ सोडत बसले होते. तुमची गाठ कधी लवकर सुटली आहे? शेवटी दातांनी सोडवली. किल्ली खिळ्याला अडकवली, आणि मग मला रडू आलं.

बोलायचं राहिलं म्हणून लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. चार माणसं दिसली की माझा आवाज घशातच बसतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही म्हणायचात, "कमल, तुझ्या तोंडात साखर हाय का गं, सांडंल म्हनून उघडत न्हाईस?" पण तुमच्याशी मी भांडले. एकाच गोष्टीवरून, दर वर्षी भांडले. उन्हावरून. ते भांडण अर्धं टाकून तुम्ही गेलात, आणि त्या अर्ध्या भांडणापायी या दिवसांत माझ्या जिवाला घोर लागला होता.

साहेबांनी पहिली छत्री आणली तो दिवस आठवतो ना? नगरच्या लष्करातून निवृत्त होऊन ते सावेडीला राहायला आले होते आणि आपल्या गावामागच्या डोंगरावर त्यांना उडायची शाळा काढायची होती. पॅराग्लायडर, असं ते म्हणायचे. आपण सगळे छत्रीच म्हणालो. जीपमधून पिशवी काढून त्यांनी ती खळ्यात पसरली. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "येवढा मांडव कुनाच्या लग्नाचा?" आणि तुमचा लेक, माझा नवरा, त्याखाली लोंबकळून पहिल्यांदा डोंगरावरून निघाला, तेव्हा तुम्ही घरात भिंतीकडे तोंड करून बसलात. तो खाली उतरून, पाणी पिऊन, तुमच्या पाठीवर हात ठेवीपर्यंत तुम्ही वळला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांना सांगितलंत, "माझं पोरगं ज्याला लोंबकळतं ते कापड मी बघनार. दुसऱ्या कुनाचा हात लागाय नको." धान्याची खोली रिकामी करून दिलीत ती तेव्हाच. किल्ली पदराला गेली.

साहेबांनी आपल्या दोघींना शिकवलं. छत्री म्हणजे कापडाचे लांब लांब खण, एकाला एक शिवलेले. त्यात वारा शिरतो आणि ती फुगते. खणांत गवत राहतं, खडे राहतात, नाकतोडे मरून राहतात, आणि मेलेला नाकतोडा कापड खातो. तुम्ही प्रत्येक खणात हात घालायचात. दोऱ्या तर तुम्ही डोळे मिटून बघायचात, वाती वळल्यासारख्या बोटांतून सोडत. कुठे दोरीचं वरचं सूत चरलेलं लागलं की तुमचे डोळे उघडायचे. साबण नको, पेट्रोलजवळ नको, उंदीर नकोत, ओली घडी नको. सगळं ऐकलंत.

नाही, सगळं नाही. लेक उडायच्या आधी तुम्ही त्याची दृष्ट काढायचात आणि हार्नेसला, म्हणजे त्याच्या बसायच्या पट्ट्यांना, लिंबू-मिरची बांधायचात. साहेब म्हणाले, लिंबाचा रस शिलाई खातो. तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणालात, "आजवर कुनाला लिंबानं खाल्लं न्हाई." आणि पुढच्या वेळी लिंबू जीपला बांधलेलं होतं. कधी सोडलंत, कधी बांधलंत, कुणाला दिसलं नाही. साहेब हसले. तुम्ही हसला नाहीत. हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं, तुमची ऐकायची ही तऱ्हा.

पण ऊन. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या कापडाला ऊन सगळ्यात वाईट. ऊन रंगाआधी ताकद खातं. दिसायला कापड नवंच दिसतं, आणि आतून त्याची वीण पोकळ होते. ओळखायचं कसं, तेही दाखवलं. कापड ओठांवर घट्ट धरायचं आणि फुंकायचं. पलीकडे तळहात ठेवायचा. चांगल्या कापडातून श्वास पलीकडे जात नाही. गेला, तर छत्री संपली. हवा धरून ठेवणं एवढंच तिचं काम, आणि ते तिला जमेनासं झालं तर ती माणसाला घेऊन हवेतच मागे बसते आणि कोसळते.

तुम्ही ऐकून घेतलंत. पाऊस सरला तसे गोधड्यांना ऊन दाखवलंत, डाळींना दाखवलंत, ठेवणीतल्या लुगड्याला दाखवलंत, आणि मग लेकाची केशरी छत्री उचलून धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, नेलीत. ती साहेबांनी त्याला कायमची दिली होती, म्हणून तिच्यावर तुमची माया जास्त. मी जिन्यात आडवी आले.

"आत्याबाई, साहेबांनी नको म्हटलंय."

"साहेबाला काय कळतंय? पावसाचा कुबट वास मारतोय तिला. उनानं कुनाचं वाटूळं झालंय का?"

"कापडाचं होतं."

"सरक. ऊन दाखवल्याबिगर मी काय घरात ठेवत न्हाई. तुझा साहेब जलमभर उनातच हुबा ऱ्हायला, त्याचं काय झालं? आजून घोड्यावानी पळतोय."

दर वर्षी हेच. मी खाली आले की रागानं भांडी आपटायची आणि तुम्ही वरून ओरडायचात, "फोड, फोड, तुझ्याच बापानं दिल्यात." बाकीच्या छत्र्या मी तुमच्या हाती लागू दिल्या नाहीत, त्या खोलीतच दोरीवर टाकायची. केशरीला मात्र तुम्ही मला शिवू दिलं नाहीत. पोटच्या पोराचं ना ते कापड.

यंदा तुमच्या पोटातल्या गाठीनं सगळंच मागे पडलं. नगरला दाखवून आणलं आणि डॉक्टर यांना बाजूला घेऊन बोलले, तेव्हापासून हे डोंगरावर गेले नाहीत. दिवाळीला मी माहेरी, कोपरगावला जायला तयार नव्हते. तुम्हीच हाकललंत. "जा, माझ्या तोंडाकडं बघत बसू नगं. मी काय दिवाळीत मरत न्हाई." परत आले तर केशरी छत्रीची पिशवी भरून, पट्टे ओढून, खोलीत कोपऱ्यात उभी होती. तुम्ही बाजेवर पडलेल्या, पाय सुजलेले.

मी विचारलं, "छत्री कुठं वाळवलीत?"

तुम्ही कुशीवर वळलात. "वाळवली तशी वाळवली."

दुखणाईत माणसाशी काय भांडायचं? मनात म्हटलं, एवढ्या वेदनेत जिना चढून गेली असेल ही बाई, पण ऊन काही सोडणार नाही. आणि तुमच्यावर मी मनातून चिडले होते, हे आता खरं सांगते.

मग मार्गशीर्षात तुम्ही गेलात.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुम्ही कशाला सोपं करताय. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. यांचे चुलतभाऊ बबनभाऊजी म्हणाले, "काकूचा जीव कशात तरी आडकलाय." मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. यांच्या थोरल्या आत्यांनी सांगितलं, गाय विकणार नाही. कुणी म्हणालं, कमलला अंतर देणार नाही. कावळा हलेना. ऊन चढलं. हे पुढे झाले, नुकतंच केस काढलेलं डोकं, हात जोडले आणि म्हणाले,

"आई, तुझ्या हातची शेवटची घडी हाय केशरी छत्रीची. ती तशीच डोंगरावर नेतो. तिथंच मोडतो, आन् तीच घीऊन उडतो. आता तरी शीव."

बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते मी. तोंडातून शब्द निघाला नाही, पण मनात मी तुमच्याशी बोलले. म्हटलं, आत्याबाई, तुमच्या लेकाला मी त्या कापडाखाली जाऊ देणार नाही. जा तुम्ही निवांत.

आणि कावळा आला.

सगळे म्हणाले, दत्तूचा शब्द पोचला. कावळा कुणाच्या शब्दाला आला ते तुम्हालाच माहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं ठरलं. मधले दिवस मी कसे काढले ते सांगून कळणार नाही. साहेब असते तर एका वाक्यात त्यांनी थांबवलं असतं, पण ते लेकीकडे लांब गेलेले, आणि तिकडचा फोन नंबर गावात कुणाकडे नव्हता. पाहुण्यांच्या भाकरी थापताना मला ते कापडच दिसायचं. एकदा दुपारी हे बाहेर गेल्यावर किल्ली काढून मी खोलीत गेले. पिशवीच्या बंदाला हात लावला. तुमची गाठ होती, तीच, घट्ट. उघडून बघितलं असतं तर मला कळलं असतं. पण चोरून उघडलेली घडी मला तशी घालता आली नसती, आणि ती तुमची उरली नसती. हात काढून घेतला. मनाशी म्हटलं, यांच्याशीच बोलायचं.

चुलीपुढे हे चहा पीत होते. मी म्हणाले, "अहो, छत्री उडायच्या आधी फुंकून बघाल ना?"

"कशाला?"

"जुनी झालीय. ऊन खाल्लंय तिनं."

यांनी बशी खाली ठेवली. "आईनं घातलेली घडी हाय ती. तिच्या हाताव संशय घेतीस?"

"हातावर नाही हो."

"मंग? गेल्या साली उडलोच की मी. रंग बघितलास का, कसा झेंडूवानी हाय." मग आवाज खाली आला. "कमल, पिंडापुढं शब्द दिलाय. आता मधी काय बोलू नगं."

मी बोलले नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, साखर सांभाळ.

त्या दिवशी सकाळी गाव डोंगरावर जमलं. यांनी पिशवी पाठीवर घेतली, बायकांनी झेंडूची फुलं, वरून तुमच्या नावानं सोडायला. मी सगळ्यांच्या मागे चढत होते. वर वारा समोरून येत होता, हवा तसा. यांनी हेल्मेट बाजूला ठेवलं, पिशवीपुढे बसले, तुमची गाठ सोडायला लागले. नखं लागली तरी सुटेना. "माझ्या आईची गाठ हाय," असं म्हणून हसले, आणि डोळे पुसले. सगळ्यांचेच डोळे भरले. अशा वेळी मधे कोण बोलेल?

गाठ सुटली. घडी उलगडली. एकेक पट मोकळा व्हायला लागला आणि पटापटांतून वाळकी पानं पडायला लागली. कडुलिंबाची. लोक म्हणाले, कसर लागू नये म्हणून ठेवली असतील. दोऱ्या लावल्या, पट्टे अडकवले. यांनी हार्नेस चढवला आणि वाऱ्याकडे तोंड केलं. बबनभाऊजींनी छत्रीची कड धरली.

मी पुढे झाले, आत्याबाई. कशी झाले ते माहीत नाही. सगळ्या माणसांतून चालत गेले आणि मधल्या खणांवर, जिथे धाब्यावरचं ऊन सगळ्यात जास्त बसायचं, तिथे जाऊन गुडघ्यांवर बसले.

"वहिनी, सरका की. पूजा ऱ्हायली का काय?" बबनभाऊजी म्हणाले.

कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी कापड उचललं, ओठांवर धरलं आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "इकडं या. हात ठेवा."

"कमल..."

"हात ठेवा."

सगळ्या गावापुढे नवऱ्याला मी असं बोलले. हे पट्ट्यांसकट अडखळत आले. तळहात कापडामागे धरला. मी फुंकर मारली.

यांचा चेहरा मी कापडाच्या कडेवरून बघत होते. यांनी माझ्या हातातून कापड घेतलं, स्वतः ओठांवर धरलं, स्वतःचाच हात पलीकडे धरला आणि फुंकलं. मग दुसरा खण. मग तिसरा. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणलं, आणि ते जुन्या लुगड्यासारखं फाटलं, फारसा आवाजही न करता.

हे खाली बसले. कड सोडून बबनभाऊजी जवळ आले. फाटलेलं बघितलं. म्हणाले, "म्हातारीनं उनात घालून घालून..."

"न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी खाली पडलेली पानं ओंजळीत घेतली. त्यांत काड्या होत्या, चिमणीचं एक पीस होतं, वाळलेली मुंगी होती. डब्यात घालायला कुणी पानं आणतं तेव्हा काड्या आणि पिसं आणत नाही. ही वरून पडलेली पानं होती. "भाऊजी, यंदा त्यांनी उनात घातली न्हाई. अंगणातल्या लिंबाखाली वाळवली. हे बघा. कापडाचं वय झालं हुतं, दुसरं काय न्हाई."

मग बबनभाऊजी हळूच म्हणाले, "पर शब्द दिलाय न्हवं काकूला. पिंडापुढं."

"मीपन दिला हुता."

"कवा?"

"तवाच."

यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग हार्नेसचे बकल एकेक करून सोडले. फुलं आम्ही कड्यावरून हातानंच सोडली. वाऱ्यानं अर्धी आमच्याच अंगावर परत आणली. लोक उतरले तेव्हा हे मला म्हणाले, "तिची घडी तर मोडली गं." मी म्हणाले, "मोडलीत तुम्हीच. डोंगरावरच मोडलीत. शब्द पाळलात."

साहेबांचा नियम आहे, बाद झालेली छत्री अख्खी ठेवायची नाही, कुणी चुकून उडतं. घरी आल्यावर यांनी दोऱ्या ताणून धरल्या आणि मी कापल्या. हे म्हणाले, "आईच्या हातांनी चाचपलेल्या हायेत," आणि एक दोरी खिशात घातली. मी बघितलं नाही असं केलं.

हे सगळं झालं, तेव्हा मला वाटत होतं की मला सगळं कळलं. तुम्ही माझं ऐकलंत, फक्त जाहीर केलं नाहीत, लिंबू जीपला बांधलं होतं तसं. एवढंच वाटत होतं.

मग परवा खोलीतल्या बाकीच्या छत्र्यांना दमट वास आला, म्हणून मी एक बाहेर काढली. साहेब येतील, मुलं उडायला येतील. तुमच्यासारखीच अंगणात लिंबाखाली पसरली आणि भांडी घासायला बसले. थोड्या वेळानं बघते तर कडेवर ऊन आलेलं. उठले, ओढून सावलीत घेतली. परत बसते न बसते तोच दुसऱ्या बाजूनं ऊन. अख्खी छत्री उचलायची, दोऱ्या गुंतू द्यायच्या नाहीत, खडे लागू द्यायचे नाहीत, परत पसरायची. आपला लिंब विरळ आहे, सावली एका जागी राहत नाही. सकाळी ती गोठ्याकडे असते, दुपारी बुंध्याशी गोळा होते, कलत्या उन्हात रस्त्याकडे जाते. मी दिवसभर तिच्या मागे फिरले. चांगली धडधाकट बाई मी, संध्याकाळी माझी कंबर धरली.

तेव्हा तुमच्या बाजेकडे लक्ष गेलं. ती गोठ्याजवळच्या भिंतीला लावलेली असते. दिवाळीहून मी परत आले तेव्हा रस्त्याच्या बाजूला होती. मला वाटलं, रहदारी बघायला नेली असेल.

एवढ्या वेळा उठलात, आत्याबाई. त्या पोटानं, त्या सुजल्या पायांनी. बाज ओढायची, छत्री ओढायची, पडायचं, डोळा लावायचा नाही, ऊन आलं की पुन्हा उठायचं. हे दिवसभर रानात, घरात तुम्हाला बघायला कुणी नव्हतं, आणि म्हणूनच मला माहेरी हाकललं होतंत का?

आणि मी विचारलं तर म्हणालात, वाळवली तशी वाळवली.

छत्री वाळली आहे. मी तुमच्यासारखी घडी घालायचा प्रयत्न केला, जमली नाही. गाठ मात्र तुमची मारली आहे. सोडायला वेळ लागेल, लागू दे.